माऊस त्यांच्याच हातात राहू द्या

वाचक शिक्षिकेचं पत्र

ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःहून संगणकाच्या पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून मोबाईलचं ॲप बनवायला शिकले आणि आठवीच्या काही मुलांना शिकवलं. मुलं इतकी रमली की मुख्याध्यापकांनी आमच्या आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या मिळून २२ शिक्षकांना हे शिकवायचं काम माझ्यावर सोपवलं. पहिली बैठक पार फसली. मी दीड तास स्लाइड दाखवल्या, सगळे गप्प बसून राहिले. मग इंटरनेट गेलं. उठताना एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "मॅडम, आम्हाला या वयात कुठे प्रोग्रामर व्हायचंय?" ते प्राथमिकला शिकवतात आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, म्हणून जास्तच लागलं. पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे. चालू स्थितीतले संगणक ९. कोणतं साधन घेऊ, सुरुवात कुठून करू? की नम्रपणे नाही म्हणून मोकळी होऊ?

— एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

नाही म्हणू नका. गुरुजींचं वाक्य तुम्हाला लागलं, पण मला तो सरळ मनाने विचारलेला प्रश्न वाटतो. वर्षानुवर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या माणसासमोर दीड तास एखाद्या नव्या गोष्टीचं कौतुक झालं आणि ती त्याच्या वर्गात कुठे उपयोगी पडेल हे कोणी सांगितलंच नाही, तर तो दुसरं काय विचारणार? त्यांनी विचारलं हे तुमचं भाग्यच. बाकीचे २१ जण काहीच न बोलता घरी गेले.

माझीही एक कार्यशाळा अशीच फसली आहे, आणि तुमच्यापेक्षा वाईट. काही वर्षांपूर्वी एका गावात शिक्षकांची कार्यशाळा घेत होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या एक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना एक ठोकळा ओढून दुसऱ्यात बसवायचा होता. तो बसत नव्हता, सुटून पडत होता. मला पुढे जायची घाई. मी म्हटलं, "थांबा बाई, मी करून दाखवते," आणि त्यांच्या हातातला माऊस घेतला. दोन सेकंदांत ठोकळा बसवला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. पुढचे दोन तास ते हात मांडीवरच होते. निघताना त्या माझ्याशी अगदी गोड बोलल्या, पण त्यांनी परत कधी त्या संगणकाला हात लावला असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना एक ठोकळा बसवून दिला आणि "हे तुमच्याच्याने होणार नाही" हे न बोलता सांगून टाकलं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळते, आणि तुम्हाला दुसरं काही सांगितलं नाही तरी हा एक सांगेनच. बैठकीत कुणाच्याही माऊसला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागो. बोटाने दाखवा, तोंडाने सांगा, शेजारच्या शिक्षकाला मदतीला बोलवा, पण ठोकळा ज्याचा त्याने बसवायचा. मी तर चक्क हात पाठीमागे बांधून फिरते. त्याने कार्यशाळा संथ होते. ठरवलेल्या पाच गोष्टींतल्या दोनच होतात. होऊ द्या.

आता साधनाचं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण ठोकळे आणि मोबाईल म्हणताय म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ॲप इन्व्हेंटर असावं. तेच ठेवा. सहावीच्या आतल्या मुलांसाठी, आणि जिथे इंटरनेट अजिबात भरवशाचं नाही तिथे, स्क्रॅच हे ठोकळ्यांचं दुसरं साधन बरं. ते संगणकावर एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. गोष्टी, चित्रं, छोटे खेळ यांत मुलं रमतात आणि ठोकळ्यांची सवय होते. पण शिक्षकांना पहिल्यांदा ओढून घ्यायचं असेल, तर स्क्रॅचमधलं नाचणारं मांजर पुरेसं पडत नाही. ते त्यांना मुलांचा खेळ वाटतं. ॲप इन्व्हेंटरमध्ये केलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या खिशातल्या फोनवर चालते. त्या फोनवर त्यांचा जीव असतो. एवढ्या एका कारणासाठी मी शिक्षकांना आधी ॲप इन्व्हेंटर दाखवते. याशिवाय थंकेबल आहे, कोडुलर आहे. तुम्ही हौसेने बघा, पण बैठकीत त्यांची नावंही काढू नका. पाच साधनांची ओळख करून दिली की माणूस एकही उघडत नाही.

पुढच्या बैठकीची सुरुवात संगणक बंद ठेवूनच करा. मी ठिपक्यांची रांगोळी घेते. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाच्या हातात सात ठिपके ते सात ठिपके अशी काढलेली छोटी रांगोळी, दुसऱ्याच्या हातात कोरे ठिपके आणि पेन्सिल. दोघं पाठीला पाठ लावून बसणार. पहिल्याने फक्त बोलायचं, दुसऱ्याने ऐकेल तेवढंच काढायचं. "वरच्या ठिपक्यातून खाली ये" म्हटलं की दुसऱ्याच्या मनात येतं, कुठल्या वरच्या? सरळ खाली की तिरकं? किती ठिपके? पाच मिनिटांत खोली गजबजते. कागद उलटून दोन्ही रांगोळ्या शेजारी ठेवल्या की काय चुकलं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यातला एखादा शिक्षक आपणहून म्हणतो, "चूक त्याची नाही, मी नीट सांगितलंच नाही." संगणकाला सूचना देणं म्हणजे काय, हे सांगायला आता तुम्हाला स्लाइड लागणार नाही.

मग एक, फक्त एक प्रात्यक्षिक. संगणकावर ॲप इन्व्हेंटर उघडा, वर 'कनेक्ट'मधून 'एआय कंपॅनियन' निवडा (इथे 'एआय' म्हणजे ॲप इन्व्हेंटर). क्यूआर कोड येतो. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांनी कधी ना कधी स्कॅन केलेले असतात, त्यामुळे या पायरीला कोणी अडत नाही. तुमच्या फोनवरच्या कंपॅनियन ॲपने तो स्कॅन करा आणि फोन गुरुजींच्या हातात द्या. आता संगणकावर एक बटण ओढून पडद्यावर ठेवा. गुरुजींच्या हातातल्या फोनवर ते उमटेल. बटणाचा रंग बदला, हातातला रंग बदलेल. त्यावर "पहिली अ" असं लिहा, तिथे अक्षरं येतील. मी हे अनेकदा केलं आहे आणि दर वेळी खोलीतली माणसं खुर्च्या पुढे ओढतात. इथे थांबा. पुढचं दाखवायचा मोह होईल, तो आवरा आणि म्हणा, "आता तुम्ही करा."

पहिलं ॲप कुठलं घ्यायचं, यावर बैठकीचं बरंच काही ठरतं. तयार धड्यांमध्ये मांजराच्या चित्राला हात लावला की म्याव करणारं एक सुंदर छोटं ॲप आहे. शिकायला ते उत्तमच. पण तुमच्या बैठकीत मी मांजर घेणार नाही, गुरुजींची पहिली घेईन.

तुमच्याकडे पहिलीत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. घरी 'वावर' म्हणतात, पुस्तकात 'शेत' येतं. मूल शब्दाला अडत नाही, अनोळखी आवाजाला बुजतं. गुरुजींना हे माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत असणार. त्यांना विचारा की असे दहा शब्द सांगाल का. मग त्यांच्याच शाळेशेजारच्या शेताचा फोटो, त्याखाली दोन बटणं. एक दाबलं की घरचा शब्द ऐकू यायचा, दुसरं दाबलं की पुस्तकातला. आवाज त्यांच्याच वर्गातल्या मुलाचा. फोनमध्ये बोलून घ्यायचं, फाईल चढवायची. ठोकळे लागतात ते इतकेच: हे बटण दाबलं की हा आवाज वाजव, ते बटण दाबलं की तो. एका चित्राचं झालं की बाकीची नऊ ते स्वतः करतील. फोटोच्या आणि आवाजाच्या फाईलला नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच द्यायला सांगा, देवनागरी नाव ते साधन स्वीकारत नाही. फोनच्या कॅमेऱ्याचे फोटोही जड असतात, आधी लहान करून घ्या. ही दोन किरकोळ कारणं बैठकीतला अर्धा तास खातात.

गुरुजींना यासाठी प्रोग्रामर व्हावं लागणार नाही, आणि त्यांच्या प्रश्नाला तुम्हाला तोंडी उत्तरही द्यावं लागणार नाही.

प्रत्येकाला असं त्याच्या वर्गातलं काहीतरी हवं. त्यासाठी बैठकीआधी आठवडाभर फिरून किंवा फोनवर प्रत्येकाला एकच विचारा: तुमच्या तासाला कोणती गोष्ट दर वर्षी अडते? गणिताच्या मॅडम म्हणतील, पाढे. मग यदृच्छेने दोन संख्या येतात, मूल गुणाकार लिहितं, बरोबर की चूक कळतं. (उत्तराच्या चौकटीला 'नंबर्स ओन्ली' लावलं की फोनवर फक्त अंकांची कळफलक-पाटी येते, लहान मुलांना सोपं जातं.) भूगोलाचे सर म्हणतील, नद्या आणि उपनद्या. विज्ञानाच्या तुम्ही स्वतःच आहात. फोनमधला त्वरणमापक (फोनची हालचाल मोजणारा सेन्सर) वापरून फोन हलवला की आकडे कसे बदलतात, हे आठवी-नववीला दाखवता येतं. खेळाच्या सरांना विसरू नका. त्यांना गुणफलक हवा असतो आणि शाळेतलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं ॲप बहुधा तेच होतं.

ठोकळे इंग्रजीत असतात, याची धास्ती पुष्कळांना असते. पण लागणारे शब्द मोजके आहेत: व्हेन, डू, इफ, देन, एल्स, सेट, गेट, कॉल. समोर मराठी अर्थ लिहून मोठ्या अक्षरांत तक्ता भिंतीवर लावा. आणि समजावताना शाळेतलीच उदाहरणं घ्या. 'व्हेन' म्हणजे घंटा. घंटा झाली की मुलं रांगेत उभी राहतात, घंटा होईपर्यंत कोणी हलत नाही. ॲपसुद्धा तसंच बसून असतं, बटण दाबलं की त्याच्या घंटेचं काम करतं. व्हेरिएबल, म्हणजे ॲप चालू असताना माहिती ठेवायची जागा, समजावताना मी फळा दाखवते. फळ्यावर लिहिलेलं तास संपेपर्यंत राहतं, पुढच्या तासाला पुसलं जातं. ॲप बंद केलं की व्हेरिएबलमधलंही जातं. उद्यापर्यंत टिकवायचं असेल तर हजेरीपटात लिहायला हवं, आणि तो हजेरीपट म्हणजे टायनीडीबी, ॲपमधली माहिती फोनवर साठवून ठेवणारा भाग. शिक्षकांना या दोन गोष्टींतला फरक इतका अंगवळणी असतो की हे एका वाक्यात कळतं. संगणकाची पदवी घेणाऱ्या मुलांनाही मी यावर जास्त अडलेलं पाहिलं आहे.

आता मला ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे त्याकडे येते: अडणं.

एका कार्यशाळेत भूगोलाच्या एका सरांनी प्रश्नमंजूषा केली होती. तापी कोणत्या पर्वतात उगम पावते, उत्तर सातपुडा. त्यांनी फोनवर 'सातपुडा' लिहिलं, ॲप म्हणालं चूक. पुन्हा लिहिलं, पुन्हा चूक. ठोकळे तपासले, सगळे जागेवर. सर वैतागले, "याला भूगोल येत नाही" म्हणाले. मला कारण दिसत होतं आणि जीभ शिवशिवत होती, पण मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि एवढंच विचारलं, "तुम्ही लिहिलेला आणि ॲपमधला शब्द शंभर टक्के सारखा आहे हे कशावरून?" वीसेक मिनिटं गेली. शेजारच्या मॅडम येऊन बसल्या, दोघांनी एक-एक अक्षर लावून पाहिलं. मग सरांनी शब्दाच्या शेवटी बोट ठेवलं. कळफलकाने सुचवलेला शब्द निवडला की तो मागे एक मोकळी जागा सोडतो. माणसाला ती दिसत नाही, यंत्राला दिसते. 'ट्रिम' नावाचा ठोकळा ती जागा कापून टाकतो. तो बसवला, ॲप म्हणालं बरोबर, आणि त्या सरांनी शाळेतल्या मुलासारखी टाळी वाजवली.

मी पहिल्या मिनिटाला 'ट्रिम' सांगितलं असतं तर सरांना एक ठोकळा मिळाला असता. त्या वीस मिनिटांत त्यांना चूक कशी शोधायची ते मिळालं: जे पक्कं वाटतं तेच आधी तपासायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, शेजाऱ्याला मोठ्याने सांगायचं. उद्या त्यांच्या वर्गात मूल "सर, चालत नाही" म्हणत येईल तेव्हा त्यांना उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. "चल, मिळून बघू" म्हणता आलं की झालं. बहुतेक शिक्षकांच्या मनातली खरी भीती हीच असते, मुलांसमोर अडलो तर? पिढ्यान्पिढ्या आपल्याकडे शिक्षकाला सगळं यायलाच हवं असं मानलं गेलं. ती भीती भाषणाने जात नाही. सहकाऱ्यांसमोर एकदा अडून, शोधून, सुटलेलं पाहिलं की थोडी कमी होते. म्हणून बैठकीत कोणी अडलं नाही, तर मी एखाद्या तयार ॲपमध्ये मुद्दाम चूक करून ठेवते आणि सगळ्यांपुढे टाकते.

भाषेच्या शिक्षकांना याच वळणावर गाठा. यंत्राला ह्रस्व-दीर्घ चालवून घेता येत नाही. 'नदी'ऐवजी 'नदि' लिहिलं की ते चूक म्हणणार, आणि बाईंनी शंभरदा सांगूनही न सुधारणारं मूल फोनशी वाद घालत दीर्घ लिहायला लागतं. आमच्या एका मराठीच्या मॅडमना हे कळल्यावर त्यांनी स्वतःच शुद्धलेखनाचं ॲप करायला घेतलं.

तुमच्या ९ संगणकांबद्दल. २२ जणांना ते पुरतात, उलट जास्त संगणक असते तरी मी दोघा-तिघांना एकावरच बसवलं असतं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही. दर दहा मिनिटांनी अदलाबदल, त्यासाठी खरोखर घड्याळ लावा. मुलांच्या तासाला तर हे फारच काटेकोरपणे पाळा, कारण नियम नसला की माऊस मुलांकडे राहतो आणि वही मुलींकडे. हे मी इतक्या शाळांत पाहिलं आहे की आता खोलीत शिरल्यावर आधी तेच बघते. एका ३५ मिनिटांच्या तासिकेत हे होत नाही, संगणक सुरू होऊन खात्यात शिरेपर्यंतच घंटा होते. मुख्याध्यापकांकडून आठवड्यात एकदा जोडतासिका मागून घ्या.

इंटरनेट जाणारच असं धरून चला. ॲप इन्व्हेंटर ब्राउझरमध्ये चालतं आणि काम त्यांच्या सर्व्हरवर साठतं, म्हणून नेट लागतं. एका चांगल्या रेंजच्या फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. संगणक आणि ज्या फोनवर ॲप पाहायचं तो फोन, दोन्ही त्याच हॉटस्पॉटवर जोडायचे. दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर असले की कंपॅनियन जोडलं जात नाही, आणि "फोनमध्येच दोष आहे" असं वाटून माणसं सोडून देतात. वीजच गेली तर पुढच्या ॲपचे पडदे कागदावर काढून घ्यायचे, कोणतं बटण कुठे, दाबलं की काय होणार. मी तर नेट असलं तरी आधी कागदच काढायला लावते. कंपॅनियन प्रत्येकाने घरूनच फोनवर घेऊन यायचं असं दोन दिवस आधी सांगा. फोन भरलेले असतात, जागा करायला वेळ जातो. तयार ॲप फोनवर बसवताना अनोळखी स्रोताचा इशारा येतो, तोही आधी सांगून ठेवा, नाहीतर व्हायरस आला म्हणून घबराट होते. आणि त्याच दमात हेही सांगा की आपण स्वतः केलेल्या ॲपखेरीज दुसऱ्या कुठल्या ॲपसाठी हा इशारा डावलायचा नाही.

मुलांच्या खात्यांची बाब हलक्यात घेऊ नका. साधारणपणे गूगल खात्याने आत जातात. लहान मुलांची खाती घाईघाईने, जन्मवर्ष खोटं टाकून काढून देण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. ॲप इन्व्हेंटरमध्ये खातं न काढता काम सुरू करण्याचीही सोय आहे. मग परत येण्यासाठी एक सांकेतिक ओळ मिळते, ती मुलाने वहीत उतरवून ठेवायची. ती हरवली तर काम गेलं, म्हणून तुमच्याही वहीत ठेवा. मुलांच्या ॲपमध्ये स्वतःचा फोटो, पत्ता, फोन नंबर नको हा नियम पहिल्याच दिवशी.

दोन प्रश्न तुम्हाला नक्की विचारले जातील, त्यांची तयारी ठेवा.

पहिला, "हे साधन टिकेल का? आज शिकायचं आणि उद्या बंद." शंका रास्त आहे. ॲप इन्व्हेंटर मुळात गूगलमध्ये सुरू झालं, एमआयटीचे प्राध्यापक हॅल एबेलसन यांच्या पुढाकाराने. २०१० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि २०११ च्या अखेरीस गूगलने ते बंदही केलं. ज्यांनी त्यावर धडे बेतले होते त्यांच्या पोटात गोळा आला असणार. पण २०१२ मध्ये एमआयटीने ते आपल्याकडे घेऊन पुन्हा सुरू केलं आणि ते आजही मोफत चालू आहे. म्हणजे बंद पडू शकतं, हे खोटं नाही. म्हणून प्रत्येक प्रकल्पाची एआयए फाईल (म्हणजे त्याची मूळ प्रत) उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायची सवय लावा. बाकी 'घंटा झाली की', 'जर-तर', 'हजेरीपट' या कल्पना साधनाबरोबर जात नाहीत. १९६७ साली गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली. तिच्यातल्या कासवाला "इतकं पुढे जा, इतकं वळ" असं सांगत मुलं चित्रं काढायची. तुमच्यातल्या एखाद्या शिक्षकाने लहानपणी ते कासव चालवलं असेल, तर त्यांना विचारा. आजच्या ठोकळ्यांत ते त्याला ओळखतील.

दुसरा प्रश्न, "आता एआयला सांगितलं की ते ॲप करून देतं, मग मुलांना ठोकळे कशाला?" मी यावर एवढंच सांगते की करून देणाऱ्याला काय हवं ते नीट सांगावं लागतं आणि त्याने दिलेलं बरोबर आहे का हे ओळखावं लागतं. रांगोळीच्या खेळात जो बोलत होता त्याला जे जमलं नाही, तेच इथेही जमावं लागतं. शाळेतल्या मुलाने आधी स्वतःच्या हाताने दहा-बारा छोटी ॲप्स केलेली असावीत असं माझं मत आहे. नंतर खुशाल एआय वापरावं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणण्याची गोष्ट आहे, ती मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना सांगायला उपयोगी. शिक्षकांना ती सांगून काही होत नाही. त्यांना धारावीची गोष्ट सांगा. दहा-एक वर्षांपूर्वी नवनीत रंजन यांच्या 'धारावी डायरी' या उपक्रमातल्या मुलींनी हेच ॲप इन्व्हेंटर वापरून ॲप्स केली. त्यातलं एक पाण्यासाठी होतं. सार्वजनिक नळावर रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागायचं, म्हणून नंबर कधी येणार ते कळवणारं ॲप. दुसरं बायकांच्या सुरक्षिततेसाठी, संकटात असताना इतरांना कळवता यावं म्हणून. त्यांना कोणी "आज आपण कॅल्क्युलेटर बनवू" असं सांगितलेलं नव्हतं. नळावरची रांग त्यांची रोजची होती.

तुमच्या गावच्या मुलांचीही अशी एखादी रांग असेल. केळीचा भाव, एसटीची वेळ, आजीच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते. शिक्षक स्वतःच्या वर्गातल्या अडचणीचं ॲप करून गेले, तर मुलांना त्यांच्या अडचणी विचारायचं त्यांना सुचेल. त्यांनी तुमच्याकडून मांजर नेलं, तर वर्गात मांजरच जाईल.

बैठकीनंतर पंधरा दिवसांत प्रत्येकाचा पहिला तास व्हायला हवा, नाहीतर शिकलेलं थंडावतं. त्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसा. शिकवू नका, फक्त असा. आणि व्हॉट्सॲपवर एक गट काढा. त्यात शुभेच्छा नाहीत, फॉरवर्ड नाहीत, फक्त अडलेल्या ठोकळ्यांचे फोटो. प्रश्न आला की लगेच उत्तर टाकू नका. संध्याकाळपर्यंत थांबा, बाविसांतलं कोणीतरी देईल.

आज-उद्या गुरुजींकडे एक चक्कर टाका. ॲपचा विषय काढू नका. वही घेऊन जा आणि विचारा, पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकातले कोणते दहा शब्द परके वाटतात. ती यादी मलाही पाठवा, 'वावर'च्या पुढचे नऊ शब्द कोणते ते मला वाचायचे आहेत.

तुमची,
ताई